माणसं किती आणणार?

मी वैजनाथ कानगुडे. नगर जिल्ह्यातल्या कर्जतला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग माझ्या हातचं आहे. लोक मला नावानं कमी आणि ‘शूटिंगवाले’ म्हणून जास्त ओळखतात. वीस वर्षं दुसऱ्यांची लग्नं टिपली, म्हटलं आता एकदा मनासारखं काहीतरी करू, म्हणून मी अठरा मिनिटांचा एक लघुपट केला. नाव ‘तहकूब’. ग्रामसभा भरते, पहिला विषय निघायच्या आत माणसं एकेक करून उठून जातात, आणि शेवटी सरपंच, ग्रामसेवक आणि एक कुत्रं एवढेच उरतात आणि सभा परत भरवायची म्हणून तहकूब होते, अशी गोष्ट. कुत्रं फार चांगलं काम करून गेलं.

पिक्चर झाला, आता दाखवायचा कुठं? कोणीतरी सांगितलं की नगरला सावेडीत आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव असतो. आंतरराष्ट्रीय का, तर संचालकांचा भाचा शारजाला असतो आणि तो दरवर्षी समुद्राचं शूटिंग करून पाठवतो. हे मला नंतर कळलं. मी आपला मोठ्या आशेनं पिक्चर पाठवून दिला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला.

“कानगुडे का? भिंगारदिवे बोलतोय, महोत्सव संचालक. तुमच्या पिक्चरमध्ये माणसं किती?”

मी म्हटलं, “मुख्य पात्रं चार.”

“मुख्य नकोत. एकूण सांगा. कुत्रं सोडून.”

“असतील चाळीस-पंचेचाळीस.”

“त्यातली येणार किती?”

आता बोला! मी दिग्दर्शन, प्रकाश, ग्रामीण वास्तव असं काय काय बोलायची तयारी करून बसलो होतो, आणि हा गृहस्थ मंडपवाल्यासारखा ताटं मोजत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसून नगर गाठलं, म्हटलं तोंडावर सांगू की असला महोत्सव तुमचा तुम्हाला लखलाभ. कुत्र्याचं यांना कसं कळलं, हे मात्र रागाच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही.

महोत्सवाचं ऑफिस म्हणजे सावेडीतलं एक मंगल कार्यालय निघालं. योसेफ भिंगारदिवे तिथं सव्वीस वर्षं मॅनेजर होते. आता रिटायर झालेत, पण कमरेचा चाव्यांचा जुडगा काही सुटलेला नाही. साठी ओलांडलेला, बुटका, गोल माणूस. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या खुर्च्यांकडे बघतो. मी गेलो तेव्हा ते स्टेजवर, नवरानवरीच्या त्या लाल गादीच्या सिंहासनावर बसून डबा खात होते. शेजारचं सिंहासन त्यांनी मला दिलं. अशा थाटात मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी भांडायला बसलो.

“डबा खाणार? मेथी आहे,” ते म्हणाले.

“मी जेवून आलोय. मला एक सांगा, तुम्ही पिक्चर बघून निवडता की खानेसुमारी करून?”

“खानेसुमारी करून,” ते म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडला. भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर देऊ नये.

मग त्यांनी मला महोत्सव कसा चालतो ते समजावून सांगितलं. मुळात तो पौष महिन्यात का, तर पौषात लग्नं नसतात. हॉल मोकळा, आचारी मोकळा, मंडपवाला मोकळा, खुर्च्या धूळ खात पडलेल्या. भिंगारदिवे ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारे, पण पंचांग तोंडपाठ. “गुरुजी चुकतील, मी नाही चुकायचा,” हे त्यांचं आवडतं वाक्य. मालकाला म्हणाले, महिनाभर हॉल बंद ठेवून उंदीर पोसण्यापेक्षा दोन दिवस मला द्या. मालकानं दिला.

“पण पिक्चरच का? भजन ठेवायचं, आरोग्य शिबिर ठेवायचं,” मी म्हटलं.

“तुमच्यामुळं.”

“माझ्यामुळं?”

“तुम्हा शूटिंगवाल्यांमुळं हो. सव्वीस वर्षं बघतोय. प्रत्येक लग्नाला तुम्ही दोन-दोन दिवस शूटिंग करता, क्रेन काय, ड्रोन काय. पुढं ते बघतं कोण? मी विचारलं बरं का लोकांना. नवरानवरी एकदा बघतात, तेही पुढं पळवत. मला वाईट वाटायचं. एवढं केलेलं कोणीतरी सबंध बघायला पाहिजे की नाही?”

हे त्यांनी कळवळून सांगितलं, त्यामुळे मला राग धरून ठेवणं अवघड जायला लागलं. पण मी धरला.

पहिल्या वर्षी, म्हणाले, सगळं रीतसर केलं होतं. पुण्याहून दोन जाणकार बोलावले, त्यांनी चार दिवस बसून नऊ उत्तम पिक्चर काढले. महोत्सवाला माणसं आली अकरा. त्यातली सात मंडपवाल्याची, पंखा आहे म्हणून बसलेली. पाथर्डीचा एक मुलगा आईवर पिक्चर करून आला होता. पिक्चर संपला, लाईट लावले, आणि त्यानं मागं वळून बघितलं.

“ते तोंड मी विसरलो नाही, कानगुडे. मुलीच्या बापाचं तोंड असं झालेलं मी एकदाच बघितलंय. वऱ्हाड आलंच नव्हतं त्या लग्नाला.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “त्या दिवसापासून मी पिक्चर निवडत नाही. जोड्या लावतो.”

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. मध्ये रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडं वर लिहिलेलं ‘एकटे’, उजवीकडं ‘भरलेले’. एकटा म्हणजे ज्या पिक्चरमध्ये एकदोनच माणसं आहेत, त्यामुळं बघायलाही कोणी येणार नाही. भरलेला म्हणजे माझ्यासारखा. चाळीस माणसं दिसतात म्हणजे चाळीस येणार, वर घरची. एकटा आधी लावायचा आणि त्याला चिकटून भरलेला. भरलेल्याची माणसं आपला पिक्चर चुकू नये म्हणून अर्धा तास आधी येऊन जागा धरतात, आणि बसल्या बसल्या एकट्याचा बघून होतो.

“आणि उलटं लावलं तर?”

“आधी जेवण आणि मग अक्षता ठेवल्या तर लग्नाला कोण थांबेल?”

मला मनातून पटलं, पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, “म्हणजे आमची माणसं तुम्ही दुसऱ्याच्या पिक्चरला वापरणार.”

“व्याही कशाला असतात?” ते म्हणाले. “तुमच्या आधी राजूरच्या मुलीचा लावलाय. सोळा मिनिटं आहे. माणसं किती आणणार?”

“त्रेचाळीस,” मी म्हणालो. भांडायला गेलेला माणूस असा आकडा देऊन परत आला.

पौषातल्या त्या रविवारी आम्ही रिझवानच्या आयशरमधून निघालो. रिझवान शेख आमच्या गल्लीतला, टेम्पो त्याचा, आणि ‘तहकूब’मध्ये सगळ्यात आधी उठून जाणारा माणूसही तोच. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघायचा म्हणून सगळं गाव इस्त्रीचे कपडे घालून टेम्पोत उभं. रिझवाननं मला निघतानाच बजावलं होतं, “शूटिंगवाले, सहाला मला कांदा भरायचाय. साडेतीनच्या पुढं मी एक मिनिट थांबनार न्हाई.”

हॉलमध्ये काळे पडदे, स्टेजवर पांढरा पडदा, आणि परीक्षक त्या दोन सिंहासनांवर. परीक्षकांतले एक सारखे घसरून खाली येत होते. दारात गुलाबपाणी शिंपडलं जात होतं. ‘पादत्राणे येथे काढावीत’ ही पाटी तशीच होती, त्यामुळं पुण्याहून आलेल्या एका समीक्षकबाई अनवाणी आत आल्या. भिंगारदिवे चाव्या वाजवत फिरत होते आणि येईल त्याला एकच विचारत होते, “तुमच्या बाजूची सगळी आली का?”

साडेबाराला पंगत बसली. आमटी-भात, बटाट्याची भाजी, जिलबी. आमटीला आमच्या कर्जतच्या झणझणीत शिपी आमटीची सर नव्हती, पण पाहुण्यानं बोलू नये. माझ्या शेजारी एक काटकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस बसला होता. ताटातलं काही टाकायचं नाही अशा हिशेबानं जेवत होता. त्याच्या पलीकडं चोवीस-पंचवीसची मुलगी. तिनं जिलबीला हात लावला नव्हता.

“कुठले पाहुणे?” मी विचारलं.

“राजूरचं. बेंजामिन उजागरे. छत्र्या रिपेर करतो बाजारात,” तो म्हणाला. “ही पोरगी, दया. हिनं माझाच पिच्चर काढलाय. आता मला सांगा, मी छत्रीला काडी घालतो त्यात बगायचं काय?”

“बाबा,” दया म्हणाली.

“बाबा काय? खरं त्ये सांगतो. ह्या मास्तरांना कळू दे.” मी मास्तर नव्हतो, पण मी दुरुस्ती केली नाही. “पुन्याला हिला ह्याच्याच शिक्षनाला जागा मिळालीय, दोन वर्सं. म्या म्हनलं, न्हाई. संगमनेरला शाळेत क्लार्कची जागा हाय, ती धर. तर रडती. मग म्या म्हनलं, एक काम करू. मी येतो नगरला तुझ्यासंगं. सोळा मिन्टं मानसं उठून न जाता बसली, तर तू जा पुन्याला. मी मागं वळून मोजनार. इनाकारन आडवा येनार न्हाई मी, पर मला दिसलं पायजे.”

“बसतील की,” मी म्हटलं. “माझी त्रेचाळीस तर बसतीलच.”

हे मी जिलबी खाता खाता म्हणालो. दयानं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा हसली. मग तिनंही जिलबीचा तुकडा मोडला.

दीडला दयाचा पिक्चर होता, दोनला माझा. पण उद्घाटन व्हायचं होतं आणि प्रमुख पाहुणे आले सव्वादोनला. त्यांनी चाळीस मिनिटं भाषण केलं, आणि त्यात ते स्वतः कॉलेजात असताना नाटकात भालदार झाले होते ही हकिगत दोनदा सांगितली. मग सत्कार. शाली संपल्या, म्हणून पहिल्यांना दिलेल्या परत आणून शेवटच्यांना दिल्या. हे भिंगारदिव्यांनी इतक्या सफाईनं केलं की मी व्हिडिओ काढत होतो म्हणून मला दिसलं.

तीन वाजले. रिझवान माझ्या मानेशी येऊन उभा राहिला. “साडेतीन म्हंजी साडेतीन.” मागून बायकांचं सुरू झालं, शूटिंगवाले, आमचं कवा? म्हशी दारात हायेत. मी हिशेब केला. दयाची सोळा मिनिटं, माझी अठरा. दोन्ही बघितले तर तीन पस्तीस. मधल्या घोषणा धरल्या तर पावणेचार.

मी उठून भिंगारदिव्यांकडं गेलो. “साहेब, माझा आधी लावा.”

“तसं करता येत नाही.”

“माझी माणसं जातील.”

“जाणार नाहीत. तुमचा बघितल्याशिवाय जाणार नाहीत, म्हणून तर तुमचा नंतर आहे.”

किती शांतपणे म्हणाला तो! आणि बरोबर तेच खरं होतं, म्हणून माझं डोकं सणकलं. वर्षभर राबलो होतो मी. माझी माणसं, माझा टेम्पो, आणि हे कोण उंटावरून शेळ्या हाकणार? मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “तुम्हाला पिक्चर कळत नाही, तुम्हाला फक्त डोकी कळतात! माझा आत्ता लावा, नाहीतर ही सगळी डोकी घेऊन मी आत्ता चाललो!”

रिझवाननं लगेच किल्ली वाजवली. दहा-बारा माणसं उठलीसुद्धा. उठून जायची त्यांची तालीम माझ्याकडूनच झालेली होती.

भिंगारदिव्यांनी हॉलवरून एकदा नजर फिरवली. आम्ही गेलो तर उरणार होते ते परीक्षक, पुण्याच्या बाई आणि पहिल्या रांगेतले बापलेक. मग ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “लावतो. पण शब्द द्या. तुमचा झाल्यावर सोळा मिनिटं बसायचं.”

“बसतो की,” मी म्हणालो.

‘तहकूब’ला काय शिट्ट्या पडल्या म्हणून सांगू! रिझवान पडद्यावर उठून गेला तेव्हा तर अख्खा हॉल डोक्यावर घेतला. कुत्र्याला टाळ्या मिळाल्या. लाईट लागले तेव्हा तीन चोवीस झाले होते, आणि चाळीस माणसं मला खांद्यावर घ्यायच्या बेतात होती. कोणी म्हणालं चला, कोणी म्हणालं कांदा, कोणी म्हणालं म्हशी. मी म्हणू शकलो असतो, थांबा. माझं ऐकलं असतं सगळ्यांनी, त्या घडीला मी त्यांचा राजा होतो. पण माझी पाठ थोपटत थोपटत ते मला दाराकडं नेत होते, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटत होतं.

दारातून मी एकदा वळून बघितलं. लाईट विझत होते. बेंजामिन उजागरे खुर्चीत मागं वळून बसला होता आणि आम्हाला बाहेर जाताना बघत होता. दया समोर पडद्याकडं बघत होती. पडद्यावर अजून काहीच आलेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मिरजगावला सगळ्यांना चहा प्यायचा होता. रिझवानलाही. पाऊण तास थांबलो.

आठ दिवसांनी भिंगारदिवे एसटीनं कर्जतला आले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ढाल होती. ‘प्रेक्षकपसंती’. सगळ्यात जास्त डोकी माझ्या पिक्चरला मोजली गेली होती. स्टुडिओत बसून त्यांनी चहा घेतला, माझ्या लग्नाच्या अल्बमचे नमुने बघितले, मिरजगावच्या रस्त्याची चौकशी केली. मी वाट बघत होतो की आता बोलतील, मग बोलतील. बोलले तर मी तयारच होतो. कांद्याचं कारण माझ्या जिभेवर होतं.

त्यांनी अल्बम मिटला. शेवटी मीच म्हणालो, “त्या राजूरच्या मुलीचं काय झालं?”

“वाढप्यांना बसवलं आत,” ते म्हणाले. “आचारी, भांडीवाल्या, मंडपाची पोरं. वीसेक झाली. हात पुसत आली बिचारी. सगळी बसली शेवटपर्यंत.”

“मग झालं तर!” मी सुटकेनं म्हटलं.

“पिक्चर संपल्यावर म्हातारा उठला. मागं वळून एकेकाकडं बघितलं. मला म्हणाला, ‘ह्यानी तर मला भात वाढला. घरची मानसं मोजायची नसत्यात, साहेब.’” त्यांनी कप खाली ठेवला. “पोरीची पिशवी स्वतः उचलली त्यानं. चार वाजून पाच मिनिटांनी गेले.”

मी ढाल परत वर्तमानपत्रात गुंडाळली. मग म्हणालो, “कांदा भरायचा होता हो.”

“हो. कांदा थांबत नाही,” ते म्हणाले. टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो, पण तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की कांदा थांबत नाही. निघताना दारात वळून एवढंच म्हणाले, “तुमचा पिक्चर चांगलाय. मी तीनदा बघितला. शेवटी ते कुत्रं सरपंचाकडं बघतं ना, ते फार चांगलंय.”

ढाल स्टुडिओच्या काउंटरवर ठेवली. गिऱ्हाईक विचारायचं, आणि मी सांगायचो. नंतर नंतर मी ती आतल्या कपाटात लायटिंगच्या छत्र्यांमागं ठेवून दिली.

पुढच्या वर्षी मार्गशीर्ष संपत आला तसा फोन आला.

“कानगुडे का? नवीन काही केलंय का?”

केलं होतं. यात्रेतल्या कुस्त्यांवर, सव्वीस मिनिटांचं.

“माणसं किती?”

“पन्नासच्या वर.”

“छान. तुमच्या आधी एकटा लावतो एक. राजूरचा. ‘काडी’.”

“तिनं नवीन केला?”

“तोच. कोणी बघितलेला नाही म्हणजे नवाच झाला. तुमच्याच पिक्चरमध्ये सांगितलंय ना, तहकूब सभा परत भरवायची असते?” मग म्हणाले, “यंदा टेम्पोची किल्ली आत येताना माझ्याकडं द्यायची.”

“देतो,” मी म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

महोत्सवाच्या रविवारी आम्ही त्रेपन्न जण उतरलो. दारात गुलाबपाणी, आणि गुलाबपाण्याशेजारी भिंगारदिवे हात पुढं करून उभे. रिझवान कुरकुरला, पण मी त्याच्या हातातली किल्ली घेऊन त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी जुडग्यात ओवली. प्रमुख पाहुण्यांना या वर्षी त्यांनी मुद्दाम एक तास अलीकडची वेळ कळवली होती, त्यामुळं ते फक्त अर्धा तास उशिरा आले.

दया पहिल्या रांगेत होती. एकटीच. मी जाऊन नमस्कार केला. तिनं ओळखलं, आणि ओळख दाखवलीही, हे तिचं मोठेपण. संगमनेरला शाळेत क्लार्क आहे म्हणाली. पुण्याची जागा त्याच वर्षापुरती होती.

“बाबा नाही आले?”

“विचारलं होतं. म्हणाले, मी एकदा येऊन गेलो.”

पौषात छत्र्यांचं काम नसतं, म्हणजे वेळ नव्हता असंही नाही.

मग अंधार झाला आणि मी ‘काडी’ पहिल्यांदा बघितला. सोळा मिनिटं एकच माणूस. राजूरच्या बाजारात गोणपाटावर बसून तो छत्र्या दुरुस्त करतो. काडी बसवतो, शिवतो, मग छत्री डोक्यावर उघडून वर बघतो, आणि कापडाच्या भोकांतून उजेडाचे ठिपके त्याच्या तोंडावर पडतात. ठिपका दिसेल तिथं टाका घालतो. परत उघडतो. मी वीस वर्षं कॅमेरा धरतोय, असं एक चित्र माझ्या हातून निघालेलं नाही. शेवटी घरात दोरीवर टांगलेल्या पंधरा-वीस छत्र्या दिसतात, लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि परत कधी न नेलेल्या. बेंजामिन एकेक काढतो, उघडतो, मिटतो, परत टांगतो. सगळ्या पिक्चरमध्ये तो एवढंच बोलतो, “न्यायला कोन येवो न येवो. वर्सातून एकदा उघडाया लागती, न्हाई तर कापड चिकटतं.”

हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. म्हशी, कांदा, कोणाला काही आठवलं नाही. आणि पाया पडून सांगतो, ते किल्लीमुळं नव्हतं.

लाईट लागले. सगळ्यात आधी उठला रिझवान. मला वाटलं, चालला हा दाराकडं. तो सरळ पहिल्या रांगेत गेला आणि दयाला म्हणाला, “ताई, ते बाबा कुठं बसलेत? त्यांना सलाम करायचाय.”

दया म्हणाली, “ते आले नाहीत.”

तेव्हा मी मागं वळलो. वळलो आणि मोजायला लागलो. एक रांग, दुसरी रांग, आमच्यानंतरच्या भरलेल्या पिक्चरची आधीच येऊन बसलेली माणसं, भिंतीला टेकलेल्या बायका, खांबाशी उभी माणसं. आचारी आणि वाढपी सोडून मोजली, घरची माणसं मोजायची नसतात. एकशे सव्वीस भरली. मी धावत भिंगारदिव्यांकडं गेलो.

“साहेब, एकशे सव्वीस! वाढपी सोडून! एकही उठलं नाही!”

“मीही मोजली,” ते म्हणाले. “पण मोजणारा यंदा आला नाही, कानगुडे.”

त्यांनी जुडग्यातून टेम्पोची किल्ली सोडवली, माझ्या हातावर ठेवली, आणि भात लागला की काय ते बघायला मुदपाकखान्यात गेले.